मायची साक्ष

मला त्या गाणाऱ्या ताईचं वेड लागलं ते नांदेडच्या दवाखान्यात. आमच्या आळीतल्या बाया अजून एकमेकींना कोपरानं ढोसून विचारतात, "बाटली का काय गं ही?" विचारू द्या. मी सकाळी अंघोळ करून तुळशीला पाणी घालते, सोमवारी जमलं तर औंढ्याला नागनाथाला जाऊन येते, आणि घरी आले की मोबाईलवर येशूची गाणी लावते. माझ्या डोक्यात ह्या दोन गोष्टींचं काही भांडण नाही. ज्याला तकलीफ होत असेल त्यानं कानात बोळे घालावेत.

झालं असं, की माझ्या मायला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. माझी माय म्हणजे तोंडाची केवढी! वावराच्या ह्या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या गड्याला शिव्या घालायची आणि त्या बराबर पोचायच्या. ती बाई खाटेवर पडून नुसती बघायला लागली. मी उशाला बसून तिच्या तोंडाकडं बघायची, ती माझ्या. दोघींचंही काही चालत नव्हतं. तिथं एक सिस्टर होती. सलाईन बदलायला यायची तेव्हा तिच्या खिशात बारीक आवाजात गाणं चालू असायचं. एक दिवस मी विचारलंच, "सिस्टर, कोण आहे हो ही? रोज रोज कोणाला हात मागून राहिली?" ती हसली. माझ्या मोबाईलवर गाणं काढून दिलं आणि म्हणाली, "ऐका. बरं वाटेल."

"हात दे, मला हात दे" अशी त्या गाण्याची पहिली ओळ. ताईचा आवाज काही लई गोड नाही. जाडा आहे, बांधावरून कुणाला तरी जेवायला हाक मारावी तसा. पण 'हात' म्हणताना तो जरासा फाटतो. त्या फाटण्यावर मी फिदा झाले. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी ते गाणं ऐकलं आणि इतके दिवस डॉक्टरपुढं, भावापुढं, नवऱ्यापुढं दाबून धरलेलं रडू भडाभडा बाहेर आलं. मग काय, तिचं एक एक गाणं शोधून काढलं. खुरपताना मोबाईल पदराला बांधलेला, भाकरी थापताना डब्याला टेकवलेला. एका व्हिडिओत तिला मधेच ठसका लागतो, ती माफी मागते आणि पुन्हा सुरू करते. तो मी इतक्यांदा बघितला की ठसक्याच्या आधीच माझ्या तोंडून निघतं, "पाणी पी गं बाई."

"तुला त्या बाईचं वेड लागलं," मालक म्हणायचे. मालक म्हणजे माझा नवरा. त्यांना म्हणलं, "लागू द्या. तुम्हाला क्रिकेटचं लागलं तेव्हा मी काही बोलले का?"

दवाखान्यातून मायला मी माझ्याकडं बाळापूरला आणलं. तिला एकच शब्द येत होता, तो म्हणजे 'न्हाई'. बाकी सगळे शब्द गेले आणि हा एक तेवढा कसा राहिला कोण जाणे. जेवतीस का म्हणलं की "न्हाई" म्हणायची आणि तोंड उघडायची. ऊन लागतं का विचारलं की "न्हाई" म्हणायची आणि कपाळावर हात धरायची. मालक तिची मजा करायचे. "मामी, मी चांगला जावई आहे का वो?" "न्हाई." "बघ, तुझी माय खोटं बोलत न्हाई कधी." माय अर्ध्या तोंडानं हसायची. हसून झालं की डोळ्यांत पाणी यायचं.

एके दुपारी मी तिची वेणी घालून राहिले होते. मोबाईलवर ताईचं गाणं चालू. आणि माझ्या हाताखालून आवाज आला, "हात दे, मला हात दे." शब्द अगदी स्वच्छ. कंगवा माझ्या हातातून पडला. मी पुढं जाऊन तिच्यासमोर बसले. माय गात होती! सगळं कडवं म्हणली. माझी माय, जिला पाणी मागता येत नव्हतं! मी तिचे खांदे धरले, "माय, बोल! बोल ना! माझं नाव घे!"

"न्हाई," माय म्हणली.

डॉक्टरला विचारलं तर त्यांनी समजावून सांगितलं की डोक्यात बोलण्याची जागा एकीकडं असते आणि गाण्याची दुसरीकडं, तुमच्या आईची पहिली गेली, दुसरी शाबूत आहे. गाता गाता कधी स्वतःचं बोलणं निघालं तर निघेल, पण घाई करू नका, आशा लावून बसू नका. आशा लावून बसू नका म्हणे! दुसरं काय करायचं असतं माणसानं? रोज दुपारी मी गाणं लावायची, माय गायची, आणि मी तिच्या ओठांकडं बघत बसायची. मला तिनं बरं व्हावं, चालावं, असलं मोठं काही नको होतं. मला तिच्या मनातलं एक वाक्य पाहिजे होतं. गाणं परक्या बाईनं लिहिलेलं, त्यातले शब्द परक्या बाईचे. माझ्या मायला काय म्हणायचं होतं? दुखतं का, कोणाची आठवण येते का, माझा राग येतो का? दोन वर्षं होत आली, मला काहीच माहीत नव्हतं. औंढ्याला नवस बोलून झाला होता. एकदा तर ताईच्या फोटोलाच म्हणलं, "बाई, तूच बघ आता."

आणि मग बाळापूरच्या स्टँडजवळ तो बॅनर लागला. ताईचा हात वर केलेला फोटो, खाली लिहिलेलं, येशू गीतांचा कार्यक्रम, हिंगोली. मी भाजीची पिशवी खाली ठेवून तिथंच उभी राहिले. मोबाईलमधली बाई हिंगोलीला! माझ्या मनानं लगेच धरलं की मोबाईलवर ऐकून मायला गाणं फुटलं, तर समोर ऐकून बोलणं फुटेल.

मालकांनी आधी कपाळावर हात मारला. हळदीचे दिवस, गावात हळद शिजवायचा कुकर आलेला, आमचा नंबर लागलेला, आणि ही बाई गाणं ऐकायला चालली. "अन् मामीला कुठं फरफटत नेतीस? त्या गर्दीत?" मी म्हणलं, "तुम्ही नेलं न्हाई तर मी एसटीनं नेते." ती चाकाची खुर्ची, ती माय आणि एसटी! मग त्यांनी शिजवायचा नंबर चुलत दिराला दिला आणि आमच्या टमटममधी मागं गादी टाकली. माणूस तोंडानं कडू आहे, पण गादीवर चादर दोन पदरी घालायचं त्यांनाच सुचलं.

मी माझी हिरवी साडी नेसले. मायला अबोली रंगाचं लुगडं नेसवलं, केस तेल लावून बांधले. तिला सांगितलं, "माय, 'हात दे' वाल्या ताईला बघायला चाललो." "न्हाई," ती म्हणली आणि डाव्या हातानं पदर नीट केला.

बाळापूर सोडलं की कळमनुरीच्या रस्त्याला मायचं गाव लागतं. गाव आहे, तिचं घर मात्र नाही. ती दवाखान्यात पडलेली असतानाच रस्ता रुंद करायचं काम आलं आणि रस्त्यालगतची सगळी घरं गेली, त्यात आमचंही गेलं. भाऊ पुण्याकडं कामाला, त्याचं बिऱ्हाड तिकडंच. तो आला, भांडीकुंडी चुलत्याच्या गोठ्यात टाकली आणि परत गेला. मायला सांगायचं कोणी? मनाला लागेल असं काही बोलू नका, असं डॉक्टरनं बजावलेलं. बरी झाली की सांगू, असं आम्ही बहीण-भावानं ठरवलं. तिला विचारता येत नव्हतं, म्हणून ते निभावत गेलं.

गाव जवळ आलं तसं मालकांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि टमटम जोरात सोडली. मी मायच्या हनुवटीला धरून तिचं तोंड दुसऱ्या बाजूला केलं. "माय, तिकडं बघ, मेंढरं काय बसवलीत वावरात! केवढा कळप!" माय मेंढरांकडं बघत राहिली. गाव मागं गेलं तेव्हा मी श्वास सोडला.

हिंगोलीत कार्यक्रमाच्या मैदानावर मांडव मोठा होता. बाहेर वडापावच्या आणि उसाच्या रसाच्या गाड्या, आत लाल खुर्च्या, पुढं स्टेज. दारात छातीवर बिल्ला लावलेला एक माणूस दोन्ही हात जोडून म्हणाला, "सलाम, ताई." मला वाटलं मुसलमान आहे बिचारा, हाही गाणी ऐकायला आला. मीही म्हणलं, "सलाम भाई." नंतर कळलं की तिथं सगळेच एकमेकांना सलाम करतात, ती त्यांची रीतच आहे. माणसं लई मायाळू. चाकाची खुर्ची बघून त्यांनी आम्हाला बायांच्या बाजूला, थेट पहिल्या रांगेच्या कडेला नेऊन बसवलं. मालक मागं पुरुषांत गेले. माझ्या शेजारी जालन्याची एक बाई होती, तिनं मायला विचारलं, "आजी, पाणी पाहिजे का?" "न्हाई," माय म्हणली, आणि मी शेजारणीला म्हणलं, "द्या, पाहिजे तिला."

आणि ताई आली. अगं माय! मोबाईलमधी दिसती त्याहून बुटकी आणि जरा अंगानं भरलेली. साधी पांढरी साडी, पायात चपला. मला तोंड कुठं लपवावं कळेना, इतकं हसू येत होतं. चाळिशी ओलांडलेली बाई मी, नवीन नवरी लाजावी तशी लाजून राहिले. तिनं पहिलं गाणं धरलं आणि तिचा आवाज त्या मोठ्या पेट्यांतून आला तेव्हा माझ्या छातीत दणका बसला. मी सगळी गाणी तिच्याबरोबर म्हणले. शेजारीण म्हणाली, "ताई, तुम्ही कोणत्या मंडळीतल्या?" मी म्हणलं, "बाळापूरच्या." ती हसली. मंडळी म्हणजे त्यांचं चर्च, हे मला मागाहून कळलं.

मग तिनं 'हात दे' धरलं. मी मायकडं वळले. माय आधी तोंड उघडं टाकून बघत होती. दुसऱ्या वेळेला ओळ आली आणि माय गायला लागली. ताईच्या आवाजात आवाज घालून, मान हलवत, एकही शब्द न चुकता. मला वाटलं, आता फुटतंय, आता फुटतंय.

गाणं संपलं. तो सलामवाला बिल्लेवाला जवळच उभा होता. म्हणाला, "आजी छान गातात हो." मला राहवलं नाही. एवढ्या अभिमानाची गोष्ट, कोणाला सांगायची? म्हणलं, "दादा, तिला बोलता येत न्हाई. लकव्यात वाचा गेली. एक शब्द बोलत न्हाई, पण हे गाणं लागलं की सगळं म्हणती."

त्याचे डोळे मोठे झाले. "खरं सांगता ताई?"

मला राग आला. मी काय खोटं बोलायला बाळापूरहून आले? "खोटं काहून बोलू?"

"मग साक्ष द्याल?"

आता आमच्याकडं साक्ष म्हणलं की दुसरं काय असतं? बांधावरून डोकी फुटली, विहिरीच्या पाण्यावरून मारामारी झाली, की तहसीलला नाहीतर कोर्टात उभं राहून खरं सांगायचं, ती साक्ष. लोक टाळतात, पोटात दुखायला लागतं त्यांच्या. मी टाळणारी नाही. मी कंबरेवर हात ठेवून म्हणलं, "देते की! कोर्टात उभं करा, तिथंबी देते. एक शब्द खोटा निघाला तर हे कान कापून द्यीन."

तो म्हणाला, "प्रभूची स्तुती असो," आणि पळतच स्टेजकडं गेला. मी शेजारणीला म्हणलं, "बघा, माणसाचा विश्वासच न्हाई." ती माझा हात दाबून म्हणाली, "लई धीराच्या आहात ताई. मला तर सगळ्यांपुढं साक्ष द्यायची म्हणलं की पाय कापतात."

"सगळ्यांपुढं?"

"मग? साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते स्टेजवर जाऊन सांगायचं."

मी उठायच्या आत कोर्टात नाव पुकारतात तसं माईकवर पुकारलं, "आपल्यामध्ये एक माउली आहे, जिची वाचा गेली होती!" आणि चार बिल्लेवाले आले. मी "अहो थांबा, अहो ऐका" म्हणत राहिले, पण त्यांनी खुर्ची मायसकट उचलली. माय डाव्या हातानं माझ्या पदराला धरून होती, पदर ताणला तसं मलाही मागं जावं लागलं. स्टेजच्या पायऱ्या चढताना मी मागं वळून मालकांना शोधलं. नुसती डोकी दिसली, डोकीच डोकी.

वर दिव्यांचा झगझगाट होता. कोट घातलेला माईकवाला मोठ्यानं सांगत होता की ही माउली मुकी होती आणि आज, इथं, ह्या मैदानावर तिची जीभ मोकळी झाली. मी म्हणलं, "आज न्हाई हो, घरीबी म्हणती ती. अन् बोलत न्हाई, नुसतं गाती." पण माईक त्याच्या हातात. माझं बोलणं माझ्याच दातांपाशी राहिलं. त्यानं वाकून माईक मायच्या तोंडाजवळ धरला. "माउली, सांगा सगळ्यांना. तुम्ही बऱ्या झालात का?"

"न्हाई," माय म्हणली.

सगळ्या मैदानावर तिचा आवाज गेला. मग माईकवाल्यानं हात वर केला, "बोलल्या! बोलल्या! हालेलुया!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, मागं ढोलक वाजला, बाया उठून उभ्या राहिल्या. माय दचकली. "न्हाई," ती म्हणली. पुन्हा टाळ्या. "न्हाई! न्हाई!" ती घाबरून मान हलवत होती, आणि ती जितकी मोठ्यानं न्हाई म्हणे तितक्या मोठ्या टाळ्या. खोटं कोणीच बोलत नव्हतं. त्यांना मुकी बाई सांगितली होती आणि मुकी बाई बोलत होती. मी काय करू? कोणाचं तोंड धरू? माझी माय सगळ्यांपुढं नको नको म्हणून राहिली आणि लोक आनंदानं रडून राहिले.

ताई दोन हातांवर उभी होती. जिला भेटले तर काय काय बोलायचं हे मी भाकऱ्या थापताना ठरवून ठेवलं होतं, ती. तिनं मायचं तोंड बघितलं असावं. तिनं वाजवणाऱ्यांना हातानं थांबवलं, येऊन मायच्या पुढ्यात उकिडवी बसली, तिचा डावा हात हातात घेतला आणि माईक बाजूला धरून हळूच गायला लागली. "हात दे, मला हात दे." माय तिच्याकडं बघत राहिली. दोनदा, तीनदा ताईनं ओळ म्हणली. मग मायनं मान वळवली. माझ्याकडं बघितलं, थेट माझ्या डोळ्यांत. आणि गायली.

"घरी ने, मला घरी ने."

चाल तीच. 'हात दे' च्या जागी 'घरी ने'. मला वाटलं माझ्या कानांचाच घोटाळा झाला. पण तिनं पुन्हा म्हणलं, "घरी ने, मला घरी ने," आणि माझा पदर ओढला. दोन वर्षांनी माझ्या मायनं स्वतःचं वाक्य म्हणलं होतं. कोणाच्या गाण्यातलं नाही, तिच्या मनातलं. आणि ते मला म्हणलं होतं.

मी "माय!" म्हणून तिच्यापाशी खाली बसणार, तेवढ्यात ताईच्या डोळ्यांना धार लागली आणि तिनं ती ओळ उचलली. "घरी ने, मला घरी ने." पेटीवाल्यानं सूर धरला. माईकवाला म्हणाला, "बापाच्या घरी! स्वर्गातल्या घरी! आमेन!" आणि खालून सगळं मैदान गायला लागलं. बाया, बाप्ये, म्हातारे, हात वर करून, डोळे मिटून. "घरी ने, मला घरी ने." माझ्या मायचं एक वाक्य, अजून माझ्या हातातबी पडलं नव्हतं, ते सगळ्यांचं झालं. मी मायच्या तोंडाला कान लावला तरी मला तिचा आवाज ऐकू येईना.

मी ताईच्या खांद्याला धरलं. कुठून हिंमत आली काय माहीत. तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "ताई, तिला घरी जायचंय! ती घरी जायचं म्हणून राहिली!"

तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. ओले डोळे, हसरं तोंड. म्हणाली, "हो ताई. आपल्या सगळ्यांनाच जायचंय."

ज्या बाईच्या फोटोशी मी बोलत होते तिनं माझा हात धरला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. तिचा काय दोष? तिच्या भाषेत तिनं बराबरच ऐकलं होतं. मला फक्त खुर्ची खाली न्यायची होती.

खाली नेली तरी सुटका नव्हती. लोक मायच्या पाया पडायला आले. एकीनं आपलं लेकरू तिच्या लुळ्या हाताखाली घातलं. एक म्हातारा म्हणाला, "माउली, माझ्यासाठीबी मागा." कोणाला ढकलू? सगळी चांगली माणसं. शेवटी मालक आले, कोपरं मारत, "सरका, सरका, म्हातारी माणूस आहे, सरका." मायला खुर्चीसकट उचलून टमटममधी ठेवलं.

येताना सूर्य मावळतीला गेला होता. माय गादीवर पडून बारीक आवाजात गात होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "माय, काय पाहिजे? दुखतं का? सांग ना." ती तेच गात होती. तिचं गाव आलं तेव्हा मालकांनी पुन्हा जोरात सोडली. मायचं तोंड वळवायला मी हात उचलला, पण तिनं डोळे मिटलेले होते, म्हणून मी हात तसाच ठेवला.

आमच्या दारात टमटम थांबली. मी वाकून म्हणलं, "उठ माय. आलं घर."

तिनं डोळे उघडले. आमचा दरवाजा बघितला, ओटा बघितला, माझ्याकडं बघितलं. "न्हाई," म्हणली. दोन वर्षांत कधी ह्या शब्दाचा भरवसा नव्हता. हो असलं तरी न्हाई, भूक असली तरी न्हाई. आज मला तो बराबर कळला. मग तिनं माझा पदर धरला आणि गायली, "घरी ने."

मालक पुढच्या सीटवर तसेच बसून राहिले. मागं वळले नाहीत.

इतके दिवस मी देवाला, डॉक्टरला, त्या ताईला एकच मागत होते, माझी माय बोलावी. ती बोलेल तेव्हा काय बोलेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सांगायला पाहिजे होतं तेव्हाच, दारातच. माय, घर रस्त्यात गेलं. एवढंच तर वाक्य. मला ते बोलता आलं नाही. मी म्हणलं, "उद्या जाऊ, माय. आज थकलीस." तिनं गाणं थांबवलं. लेकीचा शब्द तिनं खरा धरला.

सकाळी मायला ओट्यावर खुर्चीत बसवून मी आत गेले, चहा घेऊन बाहेर आले तर ती तयार बसलेली. डोक्यावरून पदर घेतलेला. डाव्या हातानं ओढून ओढून तिनं लुळ्या पायात चप्पल अडकवली होती. मला बघून तिचं तोंड उजळलं आणि तिनं चाल धरली.

मी चहा खाली ठेवला. मागं जाऊन खुर्ची धरली आणि ढकलत रस्त्यापर्यंत नेली. माय गात होती, मान पुढं काढून, दोन्हीकडं बघत. पुढं कुठं नेऊ तिला?